झोळीतला दुधी

ती. ताईस,

तुझ्या घाबरट भावाचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना? (धरत नसलीस तर कळवू नकोस, मला झोप लागत नाही.) माझी तब्येत ठीक आहे, म्हणजे डॉक्टर तसं म्हणतात, पण ते फारच तरुण आहेत.

घरात मात्र ठीक नाही. तुझी भावजय माझ्याशी बोलत नाही. त्याचं असं झालं. रोपं सुकतील या धास्तीने मी गॅलरीतल्या कुंड्यांना येता-जाता पाणी घालतो आणि ती कुजतात. शेवटी ही म्हणाली, चला, त्या सार्वजनिक भाजीबागेत लोक कसं पिकवतात ते तरी बघा. बाग फार छान. फुटक्या बादल्यांत वांगी, पोत्यांत बटाटे, कुंपणावर घेवडा. ही माळीणबाईंशी गप्पांत रमली आणि मी फाटकावरची पाटी वाचली, की काढण्याजोगं दिसेल ते घ्या, वाया जाऊ देऊ नका. आता ताई, मी शाळा अर्धवट सोडलेला माणूस. रंगवलेली अक्षरं दिसली की मला तो हुकूमच वाटतो. मांडवाखाली बघतो तर एक बुटका, गरगरीत दुधी जुन्या चादरीच्या झोळीत निजलेला. मला पुढचं दिसायलाच लागलं. वेल तुटणार, हा कुणाच्या तरी डोक्यात पडणार, आणि खाली नेमकी ही असणार! भाजी घेताना लावतो तसं नख लावून पाहिलं. रुतलं. म्हणजे कोवळा! तिथेच टांगलेल्या कात्रीने देठ कापला आणि तान्ह्या बाळासारखा कडेवर घेऊन शाबासकी घ्यायला दोघींपुढे उभा राहिलो.

माळीणबाईंनी दुधी माझ्याकडून काढून घेतला. "अहो आजोबा, हा बियाण्याचा हो!"

"पण नख रुतलं की."

"रुतणारच. वेलावरच वाळू द्यायचा होता, म्हणून तर झोळी बांधली. आत्ता आत बी कसलं, नुसतं पाणी."

त्यांच्या आईकडून आलेलं वाण, आणि वेलावरचा हा शेवटचा. त्यातलं निम्मं बी हिला द्यायचं नुकतंच ठरलं होतं. माळीणबाई रागावल्या नाहीत. दुधी माझ्याच हातात ठेवून म्हणाल्या, खा, आता वाया तरी घालवू नका. ताई, त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. हिने भाजी केली, मला वाढली आणि स्वतः नुसता भात खाल्ला. मी मान खाली घालून सगळी संपवली. (चवीला चांगली होती, हे आणखी वाईट.) हल्ली ही बागेत जायला म्हणून चपला घालते आणि दारातूनच मागे फिरते. ते बघवत नाही.

तुझा धाकटा

ता. क. मागच्या वर्षी तू आली होतीस आणि हिच्याबरोबर बागेत गेली होतीस, तेव्हा माळीणबाईंनी तुला याच वाणाचं बी दिलं होतं ना? तुझ्या वेलावर एखादा उरला असेल तर त्याला हात लावू नकोस, कुणाला लावू देऊ नकोस. पुरता वाळला की बी पाठव. अर्धं माळीणबाईंना, अर्धं हिला. पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं; पण गुडघ्याचंही मनापासूनच विचारलं.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवण्याआधी हिने पत्र वाचलं. म्हणाली, "वन्संना लिहा, बी माझ्या नावावर पाठवा. तुम्ही ते इतकं जपून ठेवाल की पुन्हा कुणाला सापडायचं नाही." दुधी कापल्यापासून हिचं माझ्याशी हे पहिलंच बोलणं, म्हणून जसंच्या तसं कळवलं.