नवसाचा कोंबडा आणि चिंध्यांचं पोतं

हिवरखेड, शुक्रवार

रामरावभाऊंना मुनव्वर टेलरचा मनापासून सलाम. रुख्मिणीवहिनींचा गुडघा, तुमचा खोकला आणि नातीचं, म्हणजे प्रणालीचं, रांगणं हे तिन्ही सुरळीत चालू असावं. आमच्याकडे सारे खुशाल आहेत. ‘सारे’ लिहिण्याआधी आमच्या बेगमने, सुरैय्याने, मला दोनदा कोंबड्या मोजायला लावल्या. सात भरल्या. पूर्वी नऊ होत्या, ते पुढे येईलच. (फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवरचं निम्मं तुमच्या कापड कारखान्यातल्या यंत्रांना ऐकू जातं आणि उरलेलं वहिनींना.)

आधी आभार. नांदगाव पेठेहून तुम्ही मुद्दाम पाठवलेलं चिंध्यांचं पोतं पोचलं आणि थंडीभर खुराड्यात अंथरलं. इतकं मऊ अंथरूण माझ्याही नशिबी नाही. जुना शेजारी दूर गेला तरी आपल्या कोंबड्यांच्या थंडीची काळजी करतो, हे मी गावात चार ठिकाणी सांगितलं आहे. आता पुढचं धीराने वाचा आणि शेवट आधी बघू नका. तुम्हाला ती सवय आहे.

गेल्या आठवड्यात मंगळवारी दोन कोंबड्या मान टाकून बसल्या आणि दुपारपर्यंत गेल्या. संध्याकाळी बघतो तर तुमचा कोंबडाही पिसं फुगवून, मान खाली घालून कोपऱ्यात उभा. प्रणाली दवाखान्यात काचेच्या पेटीत होती तेव्हा वहिनींनी मरीमायला बोललेला हा कोंबडा. तुमच्या भाड्याच्या खोलीत त्याची बांग ऐकून मालक तुम्हालाच बाहेर काढेल, म्हणून तो माझ्या हवाली झालेला. त्याला विकायचं नाही, मारायचं नाही, शिवीसुद्धा द्यायची नाही, आणि चैत्रात मरीमायपुढे धडधाकट नेऊन कापायचा. “वहिनीले कोणत्या तोंडानं सांगू मी? पोरीचा नवस हाय तो!” म्हणत सुरैय्या पाण्याची वाटी घेऊन त्याच्यापाशी बसली. मला वेगळाच घोर लागला. साथीरोगापासून राखणारी मरीमाय, आणि तिच्याच कोंबड्याला रोग लागला, तर गाऱ्हाणं घालायचं कुणाकडे?

सरकारी दवाखान्यातल्या वर्षाली डॉक्टर निरोप मिळताच आल्या. (या बाईंना अल्ला उदंड आयुष्य देवो.) मानमोडीचा रोग असू शकतो, म्हणाल्या. मेलेल्या दोन्ही कोंबड्या पिशवीत बांधून तपासायला नेल्या, फाटकात चुना पसरायला लावला. अहवाल येईपर्यंत अंडं बाहेर जाणार नाही, माणूस आत येणार नाही, आणि आजारी कोंबडा ताबडतोब वेगळा ठेवायचा. आता आमच्याकडे वेगळी जागा एकच, दुकानातली कपडे घालून बघायची खोली. पडदा आहे, आरसा आहे. आरशात दुसरा कोंबडा बघून आपला जरा ताठही झाला. पण दुसऱ्या दिवशी देवराव पाटील, दुकान बंद असताना, नवा पायजमा घेऊन सरळ पडद्याआड शिरले. आत काय झालं ते मला ठाऊक नाही. बाहेर आले तेव्हा पायजमा पायात नव्हता, हातात होता, आणि ते तसेच घरापर्यंत धावले. डॉक्टरबाईंना कळलं तेव्हा त्यांनी मला फाटकातूनच झापलं, “मास्टर, वेगळा ठेवा म्हटलं होतं मी, गिऱ्हाइकात नाही!”

तरी माणसं चांगली हो. तेच देवराव पायजम्याचा अपमान गिळून रोज फाटकाबाहेर ज्वारीची कणी ठेवून जायचे. तीन दिवस सुरैय्या कोंबड्याला चमच्याने पाणी पाजत होती. मग डॉक्टरबाई अहवाल घेऊन स्वतःच आल्या. मेलेल्या कोंबड्यांत रोगाचं नाव नव्हतं, गळ्याखालची दाण्याची पिशवी दोऱ्यांनी गच्च भरलेली होती. त्यांनी आपल्या कोंबड्याचा गळा चाचपला, मला धरायला लावलं, सुन्न करायची सुई दिली आणि छोटी चीर घेतली. लिंबाएवढा दोऱ्यांचा गोळा निघाला. मग टाके घातले. (टाके पक्के होते, पण अंतर सारखं नव्हतं. चाळीस वर्षं सुई धरलेल्या माणसाला ते दिसतंच.) पाचव्या दिवशी तो आरवला आणि सुरैय्या दाराची चौकट धरून रडली. मीही रडलो भाऊ, लपवत नाही. बाईंनी चहाशिवाय काही घेतलं नाही. तुम्ही आलात की त्यांना दोघं मिळून भेटू.

वहिनींना सलाम, प्रणालीला भरपूर दुवा.

तुमचा,
मुनव्वर

ता. क. टेलरच्या घरी दोरा निघाला म्हणून गाव मला हसतं आहे, आणि मी हसू देतो. पण मी वापरतो तो सुती दोरा. निघालेला गोळा निळा आणि चकचकीत होता, तुमच्या पोत्यातला. राग अजिबात नाही, ते पोतं तुम्ही मायेनेच पाठवलं होतं. उरलेल्या चिंध्या भरून वहिनींच्या गुडघ्याखाली घ्यायला उशी शिवली आहे, ती सोबत पाठवतो. पुढच्या थंडीत मात्र काही पाठवू नका, गव्हाचं काड इथेच मिळतं.

आणखी ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहिलं. कोंबडा चैत्रात मरीमायपुढे उभा करू, त्यात फरक नाही. पण कापण्याऐवजी देवीच्या नावाने जिवंत सोडला तर चालेल का, एवढं वहिनींना विचारता का? नवस तुमचा आहे. त्यांना वाईट वाटणार असेल तर हे पान फाडून टाका, आमच्या तोंडून पुन्हा शब्द निघणार नाही. काल त्याला दाणे टाकताना सुरैय्या म्हणाली, “मरीमायनं पोरीले ठेवलं, मंग यालेही ठेवलं. तिनं ठेवलेलं आपण कापाचं काहून?” याचं उत्तर तुम्हाला सुचलं तर कळवा.