एकाच बाकावर

माझी लाडकी ताई,

आज कोर्टात तुझी फार आठवण आली. मारहाण करणाऱ्या नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला एक शिवणकाम करणारी बाई आली होती. बाहेर एकच बाक, आणि त्यावर तो आधीच बसलेला. सरकून जागा करत तो गोड आवाजात म्हणाला, "ये, बस ना. मुलं विचारतात तुला." बाईचा चेहराच उतरला. मला म्हणाली, "वकीलबाई, तक्रार मागे घ्यायचीय."

बारा वर्षांपूर्वी तूही अशीच भाऊजींशेजारी तासभर बसलीस आणि आत जाऊन "जिन्यावरून पडले" म्हणालीस. मी तुला भित्री म्हणाले, वर्षभर अबोला धरला. तुला त्यांच्या शेजारी बसवलंच का, हे मात्र कुणालाच विचारलं नाही.

आज मी त्या बाईला माझ्या खोलीत बसवलं, चहा पाजला. न्यायाधीशबाईंना म्हटलं, "साक्षीच्या वेळी मध्ये पडदा लावू द्या." त्यांनी पडदा तर दिलाच, शिवाय यापुढे अशा प्रत्येक साक्षीदाराला वेगळं बसवायचा हुकूमही काढला. बाई रडली, थांबली, पण सगळं बोलली.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तुझी पत्रं आधी भाऊजी फोडतात, ठाऊक आहे मला. रविवारी येईन तेव्हा गुपचूप तुझ्या हातातच देईन. वाचलंस की भाजी आणायच्या निमित्ताने माझ्याबरोबर बाहेर पड. पिशव्या मी उचलीन. आधी तुझी माफी मागेन, आणि मग तू म्हणशील तितका वेळ नुसती ऐकेन.

तुझंच आगाऊ शेंडेफळ