बल्कांवात बसलेले खांब

३ डिसेंबर, आमोणे

फोन मिळाले. मला एक, शेवंतीला एक, कुंदाला एक. काळे, जड, रबरी कवचाचे. काम तसं सोपं: गावातला प्रत्येक खांब नकाशावर आणायचा. विजेच्या खांबाशी उभं राहायचं. आपण कुठे उभ्या आहोत ते फोन उपग्रहांकडून विचारून घेतो. किती मीटरची चूक असू शकेल त्याचा आकडा दाखवतो. आकडा पाचाखाली आला की बटण दाबायचं. मग फोटो, खांब सिमेंटचा की लोखंडी, दिवा आहे की नाही. झालं.

बचत गटातल्या बारा जणींपैकी आम्ही तिघीच हो म्हणालो. गावकरसाहेब (वीज खात्याचे इंजिनियर, वय माझ्या धाकट्या भावाएवढं) म्हणाले, "आधी एक आमोणे करून दाखवा, वहिनी. बरोबर आलं तर अख्खी डिचोली तुमची, मग पेडणेसुद्धा." नाही आलं तर कंत्राटदार बाहेरून मुलगे आणणार. कंत्राटदाराचा माणूस, विलास, तिथेच होता. "बायलांक जमतलें?" बायकांना जमेल का, हे त्याने मला नाही, साहेबांना विचारलं.

मी म्हटलं, करून देते. आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

४ डिसेंबर

मान दुखतेय. आयुष्यभर वाटेवरचे खड्डे बघत चालले, आज दिवसभर वर बघत होते. तारांवर इतके वेडे राघू असतात? शेवंती म्हणते, "गे बाय, ह्या गावांत सून म्हणून आयल्याउपरांत पयलेच फावट मान वयर केली हांवें."

दुपारपर्यंत कुंदा सगळ्यांच्या पुढे. चप्पल तुटली तर अनवाणी. तिचा नवरा आणि आमचे हे, दोघेही सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचे. खाण बंद झाली तेव्हापासून तिच्या चालण्यात ही घाई आली आहे.

६ डिसेंबर

गाव केवढं प्रेमळ! खांबाकडे बघताना दिसलो की हाक येते. "वयनी, भायर कित्याक उबी? यो, बस." पाणी, चहा, एका घरी पातोळ्या, एका घरी गरम उंडे पाव. जयवंतमामांच्या बल्कांवात, दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, तर अर्धा तास. बसल्या बसल्या समोरच्या खांबाचा फोटो घेतला, बटण दाबलं, वर चहाही झाला. शेवंतीचंही तसंच. आज मोजले त्यापेक्षा जास्त खांब कधी होणार नाहीत असं वाटतंय.

हे विचारत होते, "दमली नाहीस?" नाही. खरंच नाही.

१० डिसेंबर

जेवण गेलं नाही. जे झालं ते लिहून टाकते.

गावकरसाहेबांनी बोलावलं. मोठ्या पडद्यावर आमचा नकाशा. आकाशातून काढलेलं आमोणे, कौलं, माड, मांडवीचं तपकिरी पाणी, आणि त्यावर आमचे लाल ठिपके. बघताना ऊर भरून आला. मग साहेबांनी चित्र जवळ आणलं. ठिपका रस्त्यावर नाही, कौलांवर. दुसरा कौलांवर. तिसरा कुणाच्या तरी तुळशीत. जयवंतमामांच्या बल्कांवात दोन खांब, शेजारी शेजारी.

मग साहेब हळूच म्हणाले, "वहिनी, आमोण्यातले खांब घराघरांत बसून चहा घेतात की काय?"

विलास इतका हसला की त्याला खोकला आला. "हांव सांगतालों न्हय?" बाहेरचे मुलगे सोमवारी येऊ शकतात, हेही सांगितलं.

फोन खांब कुठे आहे ते लिहीत नाही. आपण कुठे आहोत ते लिहितो. हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आम्ही मान डोलावली होती.

पण कसं सांगू त्यांना? आमच्याकडे दारात आलेल्या बाईला "ये" म्हटल्यावर ती आली नाही तर काहीतरी बिनसलंय असा अर्थ होतो. आणि कुणाच्या घराकडे फोन रोखून रस्त्यात उभी राहिलेली बाई? तिच्याविषयी संध्याकाळपर्यंत देवळात चर्चा. आम्ही बसलो. बसायलाच हवं होतं. आणि बसल्या जागी बटण दाबलं.

साहेबांनी एक संधी दिली. पुन्हा सगळं करायचं. मग ते नकाशावरचे कुठलेही ठिपके निवडणार आणि विलासला तिथे पाठवणार. ठिपक्याशी खांब सापडला पाहिजे. "एक चुकला तरी माझ्या हातात काही राहणार नाही," म्हणाले.

घरी येताना शेवंती आमच्या पुढे झपाझप चालली. ती काम सोडेल अशी मला भीती वाटते.

११ डिसेंबर

शेवंती सकाळीच दारात. "माझो घोव म्हणटा, हांसें करून घेतलेंत, आतां घरांत बस."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलें, बसलें म्हणूनच तर चुकलें."

हसलो. मग दोघींच्याही डोळ्यांत पाणी. पण तीच खरी गोष्ट बोलली. आता बसायचं नाही. पण नाही कसं म्हणायचं? आमोण्यात मी पाणी नाकारलं तर गाव ते विसरणार नाही. मला इथे राहायचंय.

ह्यांनी सुचवलं, ओळखपत्र गळ्यात घाल, सरकारी माणसासारखी वाग. सरकारी माणसासारखी! जयवंतमामांसमोर!

१२ डिसेंबर

सुचलं! कपडे वाळत घालताना सुचलं, का ते माहीत नाही.

पहिल्याच घरी, "वयनी, यो, बस," अशी हाक आली. मी खांबाला हात लावून उभी. म्हटलं, "आक्का, पाणी हवंच आहे. पण इथे आणा ना, खांबाकडे. मला हलता येत नाही, उपग्रह शोधतायत मला."

आक्कांनी आधी वर आकाशात बघितलं. मग आत गेल्या. तांब्या-भांडं घेऊन आल्या, मागून सून आली, सुनेच्या मागून नातीच्या हातून गूळ आला. खांबाशी चौघी उभ्या. आक्का कुजबुजल्या, "आयले? दिसले तुका?" म्हटलं, येतायत. आकडा पाचाखाली आला तेव्हा आक्कांनीच सांगितलं, "दाब, दाब!"

दुपारपर्यंत गावभर झालं. जयवंतमामा तर खुर्ची घेऊन खांबाशी आधीच बसले होते. "म्हाका फोटवांत घे, ह्या खांब्याक हांव जन्मापासून वळखतां."

१४ डिसेंबर

आमच्या प्रत्येक फोटोत आता माणूस आहे. तांब्या घेतलेला, टोपी घातलेला, मूल कडेवर घेतलेली. शेवंती विचारते, साहेब रागावतील? कोण जाणे. आपणहून पाणी घेऊन आलेल्या माणसाला "चौकटीबाहेर हो" म्हणायचं माझ्या जिवावर येतं.

मांडाजवळ, म्हणजे त्या पवित्र अंगणाजवळ, जिथे आम्ही बायका पौषात धालोचा नाच खेळतो, तिथला खांब आज घेतला. तिघींनी चपला लांब काढल्या. कुणी कुणाला सांगितलं नाही.

१५ डिसेंबर

कुळागर. माडांच्या आणि पोफळींच्या सावलीत फोन आंधळा होतो. आकडा तीसच्या खाली येईना. आधीची मी असते तर दाबून मोकळी झाले असते. आज पाटाच्या कडेला, खांबाला पाठ लावून उभी राहिले. शेवंतीही. ओली माती, सडलेल्या सुपारीचा वास.

उभ्या उभ्या ती बोलली. लग्नाआधी ती नर्स व्हायला निघाली होती. अर्ज भरला होता. पुढे काय, मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आमची ओळख पंचवीस वर्षांची. हे मला आज कळलं, एका खांबामुळे.

ताप उतरावा तसा आकडा उतरला. हळू, मग एकदम.

१७ डिसेंबर

नदीकाठचं शेत. भात कापून झालंय, बांध निसरडा. कुंदा पोटरीभर चिखलात. खांबाच्या टोकाला बगळा, तो काही हलेना. फोटोत माणूस नव्हता म्हणून बगळा.

गाव संपलं. पुन्हा एकदा. आता साहेबांनी बघायचं.

१९ डिसेंबर

परीक्षा!!

सकाळी साहेब जीपने आले. विलासच्या हातात नकाशाचा फोन. आम्ही तिघी वीस पावलं मागे, बोलायचं नाही अशी ताकीद. साहेब ठिपका निवडायचे, विलास चालायचा.

पहिला. खांब. दुसरा. खांब. कुळागरातला त्यांनी मुद्दाम निवडला. विलास पाटावरून उडी मारून गेला आणि उभा राहिला, हाताच्या अंतरावर खांब. शेवंतीने माझा दंड इतका दाबला की वळ आहे अजून.

मग टेंबावरचा, छोट्या टेकडीवरचा. विलास चढून गेला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आणि त्याचा चेहरा खुलला. "सायबा, हांगा खांबो ना!" खांबच नाही म्हणे. दम लागला होता, बाजूच्या झाडाला टेकला. "नुसतें रान. म्हटलें न्हय तुमकां?"

कुंदाचा ठिपका तो. तिच्याकडे बघवेना. पण कुंदा हसत होती, पदर तोंडात धरून. साहेबांनी विचारलं, "काय झालं?" कुंदाने फक्त बोट दाखवलं. विलास ज्याला टेकला होता ते झाड नव्हतं. वेलीने तळापासून गळ्यापर्यंत गुंडाळलेला खांब होता.

साहेबांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. विलासने वेलीत हात घातला, सिमेंट लागलं, मग तोही हसला. खोटं कशाला लिहू, चांगला हसला. उतरताना म्हणाला, "वयनी, तुमी जिंकली. हांव टेकलों थंयच हारलों."

सगळे बरोबर. एकही चुकला नाही.

मग साहेबांनी फोटो बघितले. मी आधीच म्हटलं, माणसं पुसून टाकता येत असतील तर... ते थांबले. जयवंतमामांच्या फोटोवर. मामा खुर्चीत ताठ, मागे खांब. "हा खांब वाकलाय," म्हणाले. खरंच. नुसत्या खांबाच्या फोटोत कळलं नसतं, मामा सरळ बसले होते म्हणून कळलं. आधी तो बदलायचा असं त्यांनी तिथेच फोनवर सांगितलं. "माणसं राहू द्या, वहिनी."

डिचोली आमची.

२० डिसेंबर

गावात पेढे वाटावे लागले. जयवंतमामा सांगत सुटलेत की खांब त्यांनी पकडून दिला.

आज आरशात बघितलं. मान काळवंडलीय, नाकाची साल निघालीय. चव्वेचाळीस वर्षांत स्वतःला इतकी आवडले नव्हते.

८ जानेवारी, सुर्ला

आता आम्ही नऊजणी. बारातल्या उरलेल्या नऊपैकी सहा आल्या, पहिल्या दिवशी "तुमकां जमचें ना" म्हणणाऱ्या दोघींसकट. मी टोमणा मारला नाही. शेवंतीने माझ्या वाट्याचेही मारले.

सुर्ल्याच्या खांबांवर अजून लाल धूळ. बोटाने पुसावी लागते. आज ह्यांनी आम्हाला शेजाऱ्याची व्हॅन चालवत नेलं. ज्या रस्त्यावर ट्रक चालवला त्याच रस्त्यावर दर दोनशे पावलांवर थांबत. एका वळणावर गाडी बंद करून म्हणाले, "इतकी वर्षं गेलो-आलो, इथे खांब आहे हे माहीतच नव्हतं."

मग स्वतः उतरून खांबाशी उभे राहिले. फोटोत यायचं होतं, मागायला लाजत होते. घेतला. चांगला आलाय.

२ मार्च, मांद्रे

डिचोली झाली! पेडण्याला लागलो. आणि पेडण्यातलं पहिलं गाव माझं माहेर. साहेबांनी मुद्दाम दिलं का? विचारलं नाही.

आईकडे उतरलोय, शेवंती, कुंदा आणि मी. समुद्राकडच्या वाटेवर खांब दिसतच नाहीत, सगळे पाट्यांनी झाकलेले. खोल्या भाड्याने, योगवर्ग, स्कूटर. एका गेस्टहाउसवाल्याने आधी हाकललं, मग कळल्यावर स्वतः शिडी आणली. ज्या खांबाखाली मी शाळेला जायची बस पकडायची तो अजून आहे. त्याच्याशी उभी राहिले, आकडा पाचाखाली कधीच आला होता, तरी उभी राहिले.

६ मार्च

संध्याकाळी, आई पायरीवर कोळंबी सोलत असताना, साहेबांचा फोन. दक्षिणेकडचे दोन तालुके आम्हाला द्यावेत असं वर विचारलंय, होकार आलाय. पण लांब. महिना-दोन महिने तिकडेच राहावं लागेल. राहायची सोय होईल. "उद्या सकाळपर्यंत सांगा, वहिनी. तुम्ही हो म्हटलंत तरच."

महिना-दोन महिने. सासर-माहेर सोडून मी कुठेच एवढी राहिलेली नाही. कुंदाची मुलगी दहावीला. शेवंतीचा नवरा... शेवंती म्हणाली, "हांव येतां. घोवाक मागीर सांगतां. तूं?"

म्हटलं, ह्यांना विचारते. मग म्हटलं, सासूबाईंना. मग आईकडे वळले, "आई, तुला काय वाटतं?"

आईने कोळंबीवरची नजर काढली नाही. "माका कित्याक विचारतस? तुजा लगीन ठरला तेव्हा तुका कोणी इचारूंक नाय. मियां पण नाय." एक कोळंबी सोलून टोपात टाकली. "आज तुका इचारलानी ना गो? मगे तूच सांग."

साहेबांना अजून काही कळवलेलं नाही. तिन्ही फोन चार्जिंगला लावलेत.