चर खणायचा राहिला

धुळे, १२ जुलै १९८९

आज साइटशेजारच्या अक्कांच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं. पावसाळ्याआधी पाणी काढून द्यायला चर खणायचा, या अटीवरच नगरपालिकेनं बांधकामाला परवानगी दिली होती. इंजिनिअर मी. आज-उद्या करत राहिलो. का?

मजूर घेऊन चिखल उपसायला गेलो. सुनेचं शिलाई मशीन पाण्यात भिजलेलं. त्यावरच त्यांचं घर चालतं. अक्का म्हणाल्या, "भाऊ, तू देवमाणूस शे." चहाचा कप पुढे केला.

मला राहवेना. "अक्का, चूक माझीच आहे. चर मी खणला नाही."

त्यांनी कप मागे घेतला. "मंग आते तरी खन."

अंधार पडेपर्यंत खणला. ते मशीन डोळ्यांपुढून हलत नाही. निघताना हाक मारली, पण अक्कांनी दार उघडलं नाही.