एक चढवून

१९ सप्टेंबर, दुपार
हॉटेलची खोली

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. ख्यालीखुशाली विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, पण सात वर्षांची ख्यालीखुशाली एका ओळीत कशी विचारतात ते मला कुणी शिकवलेलं नाही. वहिनी बरी असेल. तुझी पाठ आता दुखत नसेल. मी ठीक आहे. इथलं जेवण अळणी आहे आणि उशी विटेसारखी.

काल तुझं कार्ड वापरलं, त्याचा खुलासा आधी करतो. तुझ्या फोनवर नुसती रक्कम आणि एका परक्या दुकानाचं नाव आलं असेल. फोनवर मी जे भराभरा बोललो त्यातलं तुला किती कळलं कोण जाणे.

अप्पांचं घशाचं ऑपरेशन झालं हे आत्याने तुला सांगितलंच असणार. आवाजाची पेटी काढली, त्याला अकरा महिने झाले. ज्या माणसाची हाक आपल्या बेअरिंगच्या दुकानातून नाक्यापर्यंत जायची, तो आता पाटीवर लिहितो. रागावले की खडू मोडतात. महिन्याला खोकाभर खडू लागतो, त्यावरून राग किती शिल्लक आहे त्याचा अंदाज कर.

गळ्याला लावून बोलायची यंत्रं मिळतात, पण किरणांच्या उपचाराने त्यांच्या मानेची कातडी लाकडासारखी झाली आहे. तिथे यंत्र धरलं की नुसतं गुणगुणतं, शब्द उमटत नाही. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी एक जुनं मॉडेल सुचवलं. त्याची नळी तोंडाच्या कोपऱ्यात धरायची असते. कंपनीने ते कधीच बंद केलंय. इथला एक म्हातारा कारागीर अशी जुनी यंत्रं गोळा करून दुरुस्त करतो, पण टपालाने पाठवत नाही. माणूस समोर येऊन चालवून बघेल तरच विकतो. त्याच्याकडे एकच उरलं होतं, आणि काल दुपारी बारा वाजता तो दुकान बंद करून दोन महिन्यांसाठी मुलीकडे जाणार होता. बाईंचं म्हणणं, जिभेची सवय मोडत चालली आहे, अजून दोन महिने गेले तर यंत्र मिळूनही उपयोग नाही. म्हणून मी उठून इतक्या लांब आलो.

आता माझी अक्कल ऐक. हॉटेलात पाऊल ठेवल्याबरोबर त्यांनी माझ्या कार्डावर अनामत अडकवली. खर्च नाही, नुसती अडकवलेली, आठवड्याने सुटणारी. मी न वाचता सही ठोकली. मला वाटलं एका दिवसाच्या भाड्याएवढी असेल. कारागिराच्या दुकानात कार्ड नाकारलं गेलं तेव्हा कळलं, की माझी निम्म्याहून जास्त मर्यादा त्या सहीत गेली. जवळची रोख पुरेना. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

पाकिटाच्या मागच्या कप्प्यात तुझं कार्ड होतं. तुझ्या खात्यावरचं, माझ्या नावाचं. 'कधी बाहेर गेलास तर असू दे' म्हणून तू काढून दिलेलं. मधे एकदा मुदत संपली तेव्हा नवं कार्ड घरी आलं. मला वाटलं होतं तू ते केव्हाच बंद केलं असशील. बंद का केलं नाहीस, हे विचारायला लागू नये म्हणून मी ते कधी वापरलं नाही.

दुकानातल्या कार्डाच्या यंत्रात घातलं तर ते पिन मागायला लागलं, आणि पिन मी कधी ठरवलाच नव्हता. कारागीर चांगला माणूस. त्याने संगणकावर पैसे भरायचं पान उघडून दिलं. तिथे कार्डाचा नंबर चालत होता, पण ओटीपी जाणार तुझ्या फोनवर. मी दुकानाबाहेर जाऊन दोनदा तुझा नंबर काढला आणि दोनदा फोन खिशात ठेवला. तिसऱ्यांदा लावला.

"दादा, मी बोलतोय."

मागे भांड्यांचा आवाज. मग तू म्हणालास, "बोल."

मी एका दमात सगळं सांगितलं. तू एवढंच विचारलंस, "कार्ड हातात आहे ना? थांब, ते बाहेरच्या देशात चालू करावं लागतं." मिनिटभराने म्हणालास, "झालं चालू. पानावर चलन विचारतील. त्यांचंच निवड. आपलं निवडलंस तर मधल्या मधे वाढीव दर लावतात." सात वर्षांनी भाऊ बोलला तो हे बोलला. एरवी मी हसलो असतो.

मी आत आलो, फोन कानाला. तू विचारलंस, "समोर कोण आहे?"

"कारागीर आहे, त्याची बायको आहे, आणखी एक गिऱ्हाईक आहे."

"बरं. लिहून घे." आणि तू सहा आकडे सांगितलेस. मी ते जसेच्या तसे परत म्हणालो, तू "हं" म्हणालास. मी टाकले. पान लाल झालं. चूक.

मला वाटलं माझंच बोट घसरलं. पुन्हा कोड मागवला. पुन्हा तू सावकाश सहा आकडे सांगितलेस, मी परत म्हणालो, तू "हं" म्हणालास. पुन्हा चूक. खाली ओळ आली, की आणखी एकदा चुकलं तर कार्ड बंद होईल. बाराला दहा कमी होते. कारागिराची बायको खिडक्यांचे पडदे ओढायला लागली होती.

आणि तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहितो, म्हणजे मला ते नाकारता येणार नाही. मी म्हणालो, "दादा, सूड घ्यायचाय तर माझ्यावर घे. अप्पांच्या आवाजावर कशाला?"

तू एवढंच म्हणालास, "कोड परत मागव."

तिसऱ्यांदाही तू तसेच सांगितलेस, एकेक सुटा, आणि मी परत म्हटल्यावर "हं" म्हणालास. माझं बोट पहिल्या आकड्यावर होतं. ते दाबणार तेवढ्यात माझ्या डोक्यात तुझा तो प्रश्न शिरला, समोर कोण आहे. हा प्रश्न आपल्या घरात एकाच कारणासाठी विचारतात.

अप्पांचा नियम. समोर परका माणूस असेल तर फोनवर आकडा साधा बोलायचा नाही. प्रत्येक आकडा एक चढवून सांगायचा, नवाचा शून्य करायचा. ऐकणाऱ्याने परत म्हणताना चढवलेलाच म्हणायचा आणि मनात उतरवून घ्यायचा. आपण दोघं शाळेचे रोल नंबरसुद्धा चढवून सांगायचो आणि मास्तरांचा मार खायचो. तू गेल्यावर मी दुकानाचे सगळे दर लेखी पाठवायला लागलो आणि ही रीत माझ्याकडून पार पुसली गेली. तू मात्र आकडे रीतीने चढवत होतास. मी परत म्हणत होतो ते तुला बरोबरच वाटत होतं. आणि मी तुझ्यावर सुडाचा आळ घेतला.

एकेक आकडा उतरवून टाकला. पान हिरवं झालं.

"झालं?" तू विचारलंस.

"झालं."

"यंत्राची पेटी हातात धरून ने. सामानात टाकू नकोस." आणि तू फोन ठेवलास. का चुकत होतं ते मी तुला सांगितलं नाही. माफीही मागितली नाही. बारा वाजले होते, कारागीर किल्ली घेऊन उभा होता, अशी कारणं तयार होती. माझ्याकडे ती नेहमीच तयार असतात.

खुलासा संपला. इथे सही करून मोकळं होता आलं असतं. खाली जाऊन कॉफी घेतली, परत येऊन बसलो, आणि अजून लिहितोय.

दादा, गिरणीच्या ऑर्डरबद्दल बोलायचं आहे.

तू गिरणीत बसून दर ठरवलास आणि मला फोन केलास, रीतीप्रमाणे चढवून. मी तो उतरवला आणि पक्का करायला म्हणून मोठ्याने परत म्हणालो, साधा. कंटाळा, दुसरं काही नाही. काउंटरला समोरच्या दुकानदाराचा मेहुणा बसला होता, मीच मागवलेला चहा पीत. त्याने कप खाली ठेवला आणि बशीतला चहा तसाच टाकून उठला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. संध्याकाळपर्यंत ऑर्डर त्यांनी नेली, आपल्यापेक्षा केसभर कमी दर लावून.

अप्पांनी आपल्या दोघांना उभं केलं. "साधा आकडा कोण बोललं?" तू म्हणालास, "मी चढवूनच बोललो." मग ते माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "मी नुसता ऐकत होतो."

पाच शब्दसुद्धा नाहीत. अप्पा तुला म्हणाले, "तुझ्या तोंडात आकडा ठरत नाही. उद्यापासून गल्ल्यावर बसू नकोस." तू माझ्याकडे एकदा बघितलंस. आठवडाभरात तू आणि वहिनी घर सोडून गेलात, आणि बेअरिंगचं ते दुकान माझ्या पदरात पडलं.

सात वर्षं मी स्वतःची समजूत घालत आलो, की मी दर परत म्हणालो तोवर तू फोन ठेवलेला असणार. दादाला माहीत असतं तर तो बोलला नसता का? तो रागावलाय तो अप्पांवर, माझ्यावर कशाला असेल. याच आधारावर मी जेवलो, झोपलो, दुकान वाढवलं.

काल तीन वेळा तू आकडे सांगितलेस, आणि तिन्ही वेळा मी परत म्हणेपर्यंत थांबलास. "हं" म्हटल्याशिवाय तू फोन ठेवत नाहीस. कधीच ठेवला नाहीस. त्या दिवशीही तू ऐकलं होतंस. अप्पांसमोर उभा होतास तेव्हा तुला सगळं माहीत होतं, आणि तू गप्प बसलास. मला वाचवायला, की मी स्वतःहून बोलतो का ते बघायला, हे मला अजून कळत नाही. दुसरं असेल तर तू फार वाट बघितलीस.

तुझ्याशी बोलणं मी टाकलं, तू नाही. तुझा सणावाराला येणारा फोन मी उचलला नाही, आणि अप्पांना सांगितलं की त्याचा फोन येत नाही. हेही सांगायचं राहिलं होतं.

मला भीती वाटते, दादा. उद्या सकाळचं विमान आहे. परवा अप्पांच्या हातात पेटी असेल. बाई म्हणतात, पहिल्याच दिवशी दोनचार शब्द निघतील. ते पहिले शब्द मला शाबासकीचे असतील. कारण त्यांच्या लेखी मी चांगला मुलगा आहे, आवाज आणून देणारा. तो आवाज तुझ्या कार्डावर आलाय हे त्यांना कळणारही नाही, मी सांगितलं नाही तर.

म्हणून ठरवलंय की पेटी उघडायच्या आधी सांगायचं. सगळं, मेहुण्याच्या बशीसकट. मग त्यांना जे बोलायचं ते बोलू देत. कदाचित माझ्याशी काहीच बोलणार नाहीत. दुकानातून उठ म्हणतील. उठेन.

पण मी मला ओळखतो. घरात शिरलो, त्यांचा चेहरा बघितला, की माझ्या तोंडाला पुन्हा कुलूप लागेल. त्यांची तब्येत, औषधं, आज नको उद्या. म्हणून हे पत्र घरी जायच्या आधी, इथूनच टाकतोय. ते तुला आठ-दहा दिवसांत मिळेल. तोवर अप्पांचा तुला फोन आला असेल, तर मी बोललो असं समज. पुढचं तुमचं तुम्ही बघा. मी मधे येणार नाही.

आणि फोन आला नसेल, तर मी परत गप्प बसलो. तसं झालं तर माझी गय करू नकोस. हे पत्र घे, घरी ये आणि त्यांच्यासमोर धर. त्यांना वाचता येतं. माझं अक्षर ते लांबून ओळखतात. खाली सहीसुद्धा दुकानाच्या कागदांवर करतो तशीच केली आहे, म्हणजे कुणी लिहिलं याबद्दल त्यांना शंका राहायला नको.

वहिनीला नमस्कार.

साधा आकडा बोललेला,
तुझा धाकटा
(सही)