मोरोपंतांचा वनपिंगळा आणि माझी आरोळी

दर्यापूर, सोमवार सकाळ

चि. सुभद्रेस दादाचा आशीर्वाद.

देवीदासरावांचा गुडघा कसा आहे? (जिना चढू नका म्हणावं; ऐकणार नाहीत, तरी म्हणावं.) सासूबाईंच्या डोळ्याची पट्टी निघाली का? साधनाचा खोकला थांबला? आणि तुझी कंबर? तू विचारल्याशिवाय सांगत नाहीस, म्हणून विचारतो. इकडे सारे धडधाकट, माझं डोकं तेवढं सोडून. फोनच केला असता, पण अंकुर जवळच घुटमळतो आणि गोष्ट त्याच्याच लग्नाची आहे.

तुला ठाऊक आहेच, आपल्या अंकुरनं, तुझ्या भाच्यानं, तुमच्या अमरावतीच्या मोरोपंत वकिलांची जुईली पसंत केली. पोरांचं जमलं, बायकांचं जमलं, अडला तो वकीलसाहेबांचा होकार. होकार माणसं बैठकीत बसून, सुपारी फोडून देतात. पण यांचा निरोप आला, की शनिवारी मेळघाटात चला, सिपना नदीच्या काठी पाखरं पाहू, बोलणंही होईल. मी आपला पांढरंशुभ्र धोतर नेसून, पेढ्यांचा डबा घेऊन परतवाड्याला त्यांच्या गाडीत बसलो. त्यांनी मला वरून खाली पाहिलं आणि मातकट रंगाचा एक कोट माझ्या अंगात चढवला. (पांढऱ्याला पाखरं भितात म्हणे. आपल्या वावरात तर माझ्या डोक्यावरून कणसं न्यायची.)

नदीकाठच्या खडकावर बसवलं, हातात दुर्बीण दिली आणि बोलायचं नाही म्हणून बजावलं. आता सांग, सोयरीक जमवायची ती काय खुणेनं? तीन तास झाले. पायाला मुंग्या आल्या. मी खाकरलो तर कानाशी येऊन म्हणाले, "खुशालराव, श्वास जरा हळू." हा माणूस अकरा वर्षांपासून वनपिंगळा शोधतो आहे. म्हणजे घुबडाची लहानशी जात, दिवसाउजेडी बसते, पण यांना अजून दिसली नव्हती. ते दुर्बिणीतून पलीकडची सागाची झाडं एकेक करून तपासत होते, जणू साक्षीदारच.

तेवढ्यात राघूंचा थवा आला. सुभे, सातव्या वर्षापासून मी ज्वारीच्या मचाणावर बसलो आहे. राघू दिसला की माझं मलाच भान राहत नाही. कधी उठलो कोण जाणे, "हाऽऽऽ हुर्र्र!" म्हणून अशी आरोळी ठोकली की नदी दणाणली. दुर्बिणीचा पट्टा हातात होता, तो गोफणीसारखा डोक्यावर गरगर फिरवला. (सुटली नाही, आईची कृपा.) राघू गेले, वानरं गेली, पाण्यावर आलेलं सांबर गेलं. आमच्याच डोक्यावरच्या झाडातून एक करडा गोळा फडफडत निघाला आणि पलीकडच्या वाळल्या फांदीवर बसून डोळे वटारून आमच्याकडे पाहत राहिला. मोरोपंतांनी माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "वकीलसाहेब, चुकलं माझं." ते म्हणाले, "श्शू."

परतवाड्यापर्यंत माणूस मधूनच स्वतःशी हसायचा, मधूनच मान हलवायचा. स्टॅंडवर मी उतरलो, तर तीच दुर्बीण माझ्या गळ्यात घातली, "असू द्या तुमच्याजवळ" म्हणाले आणि गेले. पेढ्यांचा डबा त्यांच्या गाडीतच राहिला. त्यांनी घेतला, की मी विसरलो? तुझी वहिनी म्हणते, "अवं, हा होकारच हाय, तुमाले काहून समजत नाही?" मला वाटतं, गोफण केलेली वस्तू कोण परत नेईल? दोन दिवस झाले, अंकुर माझ्या तोंडाकडे पाहतो आणि मी दुर्बिणीतून छपराकडे पाहतो.

तुझा दादा,
खुशालराव

ता. क. : खरं काम हे. काहीतरी निमित्त काढून मोरोपंतांच्या पत्नी सिंधूताईंकडे जा. पेढे घरात वाटले का आणि कशा चेहऱ्यानं वाटले, एवढं पाहून ये.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवत होतो तर मोरोपंतांचाच फोन. अर्धा तास बोलले. तो करडा गोळाच वनपिंगळा; पाखरू डोक्यावर होतं आणि ते पलीकडे शोधत होते. माझ्या आरोळीनं उडालं म्हणून दिसलं, नाहीतर जन्मभर दिसलं नसतं म्हणे. पुढच्या शनिवारी पुन्हा बोलावलं आहे, आरोळीसकट. लग्नाचा मात्र एक शब्द नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही. तेव्हा तू जाच. पाखराचा विषय काढू नको, अर्धा दिवस जाईल. त्यांचं पाखरू जमलं. आपल्या पोरांचं जमलं का, तेवढं विचारून उलट टपाली कळव.