सहा नंबरची पेज

जळगाव,
२ डिसेंबर १९४७

प्रिय पुना,

तुझं कार्ड मिळालं. नानांना वैद्याकडे ने, हवापालटाला धुळ्याला पाठव, असं लिहिलंयस. लिहायला काय लागतं रे! शाळेत पोरांना शहाणपण शिकवतोस ते तिकडेच शिकव. इथे नाना हॉटेलच्या आवाराबाहेर पाऊल टाकत नाहीत आणि मी पारोळ्याचा संसार नवऱ्यावर सोडून महिनाभर त्यांच्यामागे फिरते आहे.

हॉटेल म्हणायचं आपलं. १९०६ साली शेठजींनी कापसाच्या दलालांसाठी ही दुमजली इमारत बांधली, तेव्हापासून नाना इथले आचारी. वर बारा खोल्या, खाली भटारखाना, मागे आपली खोली. मुंबईचे दलाल नानांच्या हातचं भरीत खाऊन बोटं चाटायचे. मग १९१८ च्या मानमोडीच्या, इन्फ्लुएंझाच्या साथीत इमारतीचा दवाखाना झाला, पुढे परत हॉटेल, लढाईत धान्याचं गोदाम. शेठजी गेले, पाटी गेली, नाना मात्र मागच्या खोलीत तसेच. कुणी ऊठ म्हटलं नाही, हेच नशीब.

आता सिंधमधून आलेली माणसं इथे उतरवली आहेत. त्यांच्यासाठी वर खाटांची रांग लावली आणि ती पाहिली मात्र, नानांचं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवून तांदळाची पेज करत बसले. लोटा माझ्या हातात दिला नि म्हणाले, "वर लई जाय. तुनी मायले दे." आईला, पुना! आणि मी लोटा घेऊन जिना चढले.

तुला ते दिवस आठवायचे नाहीत. तू अकरा महिन्यांचा, धरणगावला आत्याकडे होतास. आई वर सहा नंबरच्या खोलीत, तापाने फणफणलेली. चाळीस आजाऱ्यांचं रांधणाऱ्याने वर पाय ठेवायचा नाही, अशी डॉक्टरची सक्त ताकीद. मला नऊ वर्षांच्या पोरीला मानमोडी येऊन गेलेली, म्हणून नाना पेज माझ्याकडे द्यायचे. मी उतरेपर्यंत जिन्याखाली उभे राहायचे आणि एकच विचारायचे, "पिनी का?" चौथ्या दिवशी आई गेली. नानांना तिचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही.

आता सहा नंबरात एक म्हातारी आहे. तिची भाषा मला कळत नाही, माझी तिला. मी लोटा पुढे करते, ती घोटघोट पिते आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवते. खाली येऊन मी सांगते, पिनी, नाना. तेवढ्यावर त्यांचा दिवस जातो. शेजारच्या शेवंताबाई म्हणतात, पोरी, बापासाठी करतेस ते मोठं पुण्याचं काम. पुण्याचं! ऐकून अंगाची लाही होते बघ.

काल नानांनी रिकामा लोटा हातात घेतला, बराच वेळ आत पाहिलं आणि अगदी शुद्धीवरच्या माणसासारखं विचारलं, "रोज पिये ना ती? मंग मरनी कशी?" पुना, आई प्यायलीच नव्हती रे. पहिल्याच दिवशी वरून झाकलेलं प्रेत उतरवताना मी पाहिलं आणि माझा पाय पुढे पडेना. जिन्याच्या वळणावर बसले. भूकही लागली होती. पेज मीच प्यायले आणि खाली येऊन "पिनी" म्हटलं. असे तीन दिवस. पेजेने ती वाचली असती की नाही, देव जाणे; पण ती वर वाट पाहत असेल, एवढं तेव्हाही मला कळत होतं. एकोणतीस वर्षं हे कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. तू मला हव्या तेवढ्या शिव्या दे, तुझा हक्कच आहे. पण आधी उलट टपाली एवढं लिही. नाना सकाळपासून जिन्याखाली बसून आहेत, पेजेला हात लावू देत नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतायत. त्यांना मी काय सांगू?

तुझीच,
अक्का